चोवीस हजारांची घडी

मागच्या वेळी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासायची, ते आपण बोललो. आजचा विषय वेगळा आहे. आज घडीबद्दल बोलू या, म्हणजे मनगटावरच्या घड्याळाबद्दल. तुम्ही म्हणाल, मोबाइल सगळ्यांच्या हातात आहे, आता घडीचं काय एवढं? पण काटोलकडच्या एका गटाची मे महिन्याची बैठक याच विषयावर दीड तास चालली, आणि तिथं जे निघालं ते सगळ्याच गटांच्या उपयोगाचं आहे.

झालं असं, की गटातल्या एका ताईनं चोवीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. वय पन्नाशीच्या पुढं. परतफेडीत आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. सचिवताईंनी विचारलं, कारण काय लिहू? ती म्हणाली, "घडी घ्यायची हाय." सगळ्या हसल्या. एक जण बोललीच, "बाईले काहाले पायजे येवढी भारी घडी?"

हसणं थांबल्यावर तिनं सांगितलं. तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. त्यांच्या हातात स्वित्झर्लंडची फेवर ल्युबा होती. सकाळी तिला चावी द्यायचं काम या लेकीचं. वडील गेले तेव्हा घडी भावाकडं गेली, कोणी विचारलंही नाही. लेकीच्या वाट्याला साडी आली. पुढं भावानं ती घडी कुठं घातली, कोणालाच माहीत नाही. आता सीताबर्डीवर एका दुकानात तिला तशीच घडी दिसली. दुकानदार म्हणाला, "दुर्मिळ आहे बाई, लग्झरी आयटम. दोन वर्षांत दुप्पट भाव येईल."

इथं एक गोष्ट सांगून ठेवते. मृत्युपत्र न करता वडील गेले, तर त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत आई, मुलगा, मुलगी यांचा सारखा हिस्सा असतो. हिंदू वारसा कायद्यात हे १९५६ पासून आहे. मालमत्ता म्हणजे फक्त शेत आणि घर नव्हे. दागिना, भांडी, घडी, सगळं त्यात येतं. बाईला घडी कशाला, हा प्रश्न त्या दिवशीच कोणी भावाबद्दल विचारला असता तर बरं झालं असतं.

आता दुकानदाराच्या बोलण्याकडं येऊ. त्यानं दोन गोष्टी एकत्र बांधून दिल्या: घडी दुर्मिळ आहे, आणि तिचा भाव वाढेल. ताईला हवी होती वडिलांसारखी घडी. भाव वाढेल हे तिच्या मनात आधी नव्हतंच, ते दुकानात शिरल्यावर आलं. मी बैठकीत हेच म्हटलं, की या दोन गोष्टी आधी सोडवून वेगळ्या ठेवू.

जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे. फेवर ल्युबा भारतात आली १८६५ मध्ये. वेस्ट एंड नावाची कंपनी तर मुंबईचं नाव लावूनच स्विस घड्याळं विकायची. तिचं सोवार प्राइमा हे घड्याळ इंग्रजांच्या काळात फौजेतल्या लोकांच्या हातात असे. आपल्या देशात एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं घड्याळं बनवायला घेतली ती १९६१ पासून. तोवर हाताला घड्याळ म्हणजे बहुतेक परदेशीच. गुरुजी, तलाठी, रेल्वेतले बाबू, ज्याला परवडलं त्यानं घेतलं. त्यामुळं फेवर ल्युबाची सी चीफसारखी साधी मॉडेलं आजही आपल्याकडं भरपूर फिरतात. त्याच कंपनीचं बिव्हुॲक हे १९६२ चं घड्याळ हवेच्या दाबावरून डोंगराची उंची सांगायचं. ते मात्र खरंच क्वचित दिसतं. नाव एकच, माल वेगळा. आपल्याकडं संत्रं म्हटलं तरी आंबिया बहाराचं की मृगाचं, हे विचारल्याशिवाय भाव ठरतो का? ताईनं पाहिलेली घडी सी चीफच होती.

दुसरी गोष्ट तबकडीची. जुन्या घड्याळाची तबकडी, म्हणजे आकडे असतात ती चकती, पिवळी पडते, डाग धरते. मग ती पुसून नव्यानं रंगवतात आणि कंपनीचं नाव पुन्हा छापतात. कधी एका घड्याळाची मशीन, दुसऱ्याचे काटे, तिसऱ्याची केस असं जुळवूनही घडी उभी करतात. मुंबईत अशी घड्याळं इतकी तयार झाली, की जगभरचे शौकीन लोक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. वापरायला ती वाईटच असतात असं नाही. पण मूळ घडीचा भाव तिला द्यायचा नाही. साठ वर्षांची तबकडी कोऱ्या ताटासारखी चमकत असेल तर भिंग घेऊन बघा. अक्षरं फुगलेली, वाकडी, रेषा कमी-जास्त, असं दिसलं तर ती रंगवलेली समजा. मागचं झाकण दुकानदारालाच उघडायला सांगा. तबकडीवरचं नाव आणि आतल्या मशीनवरचं नाव जुळलं पाहिजे. झाकण उघडायला जो नाही म्हणतो, त्याला नमस्कार करून निघायचं. केसवर '२० मायक्रॉन' असं कोरलेलं असलं तर ते सोन्याचं पाणी. वीस मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. तेवढ्यावर सोन्याचा भाव लावू नका.

चालते की नाही हे पाच मिनिटांत कळत नाही. पूर्ण चावी देऊन रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलशी वेळ ताडून बघा. आणि दुरुस्त करणारा विकणाऱ्यापेक्षा वेगळा माणूस असू द्या. अशा घडीला दर काही वर्षांनी खोलून साफ करावं लागतं, तेलपाणी करावं लागतं. सुटा भाग मिळाला तर दुसऱ्या बंद पडलेल्या घडीतूनच मिळतो. भांडी घासताना, धारेला बसताना, फवारणीला जाताना ती हातात चालत नाही. पाणी शिरलं की संपलं.

भाव दुप्पट होईल याबद्दल मी स्पष्टच बोलले. सोनं घेतलं तर त्यावर हॉलमार्क असतो, वजन होतं, अडचणीत बँक गहाण ठेवून घेते. घडी कुठली बँक ठेवून घेणार? विकायला गेलात तर तोच दुकानदार म्हणेल, तबकडी रंगवलेली आहे, निम्मे देतो. म्हणून कमाई म्हणून घडी घेणं आपल्या कामाचं नाही. हौस म्हणून घ्यायची तर घ्या. हौसेला लाजायचं कारण नाही. नवऱ्याच्या मोटरसायकलीच्या हप्त्याला गटातून पैसे दिले, तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

पण पैसा कोणता? तिथं गणित मांडलं. अंतर्गत कर्जाचा दर महिन्याला शेकडा एक रुपया. चोवीस हजार, चोवीस हप्ते, महिन्याला हजार मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज. एकूण व्याज होतं तीन हजार, म्हणजे घडी पडली सत्तावीस हजारांना. व्याज आपल्याच गटात राहतं, हे खरं. पण गटाच्या हातात तेव्हा होते एकतीस हजार, आणि पुढं पेरणी. दोघींची मागणी बी-खताची, एकीची लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची. चोवीस हजार घडीत गेले असते तर यांतली एखादी सावकाराच्या दारात उभी राहिली असती. ताईच म्हणाली, "मंग राहू द्या. माह्या पैशानं घेईन, कापूस इकल्यावर."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी सीताबर्डीला गेलो. दुकानदारानं झाकण उघडलं, एवढं त्याचं चांगलं. शेजारच्या गल्लीत चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना बोलावून घेतलं. मशीन खरी निघाली. तबकडी रंगवलेली, चावीचं बटण दुसऱ्या घडीचं. हे काकांनी त्याच्या समोरच सांगितलं, तेव्हा चोवीसचे अकरा हजार झाले. ताईनं बयाणा दिला नाही. तिनं विचारलं, "रंगवलेली हाय हे बिलावर लिहून द्याल काय?" तो म्हणाला, बघू.

आणखी एक, हे लक्षपूर्वक ऐका. काही जुन्या घड्याळांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्यावर रेडियमचा रंग लावत. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कारखान्यांत हा रंग पोरी भरायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. कित्येकींचे जबडे सडले, जीव गेले. न्यू जर्सीतल्या पाच जणी कंपनीविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि १९२८ मध्ये कंपनीला तडजोड करून पैसे द्यावे लागले. त्या रंगाची चमक आज गेलेली असते, पण रेडियम तसंच असतं. म्हणून घरात अशी जुनी घडी असेल तर ती खोलू नका, तबकडी खरवडू नका, लेकरांच्या हाती खेळायला देऊ नका.

आणि तुमच्याही पेटीत सासऱ्याची, वडिलांची बंद घडी पडलेली असेल. दारावर येणारा भंगारवाला तिचे शंभर-दोनशे देतो. देण्याआधी तबकडीवरचं नाव वाचा, शहरात एक-दोन ठिकाणी दाखवा, आणि घरातल्या लेकीला विचारा, तुला हवी का.

आपल्या ताईनं जूनपासून पोस्टाच्या खात्यात महिन्याला वेगळे पाचशे टाकायला घेतले आहेत. खात्याचं पुस्तक तिनं मला दाखवलं. पहिल्या पानावर पेन्सिलनं लिहिलंय, 'घडी'. दुकानातली ती तोवर राहील की नाही, माहीत नाही. ती म्हणते, गेली तर दुसरी भेटंल, सी चीफ काय कमी हायेत का.

पुढच्या वेळी गटाचं वार्षिक ऑडिट. वह्या घेऊन बसा. नमस्कार.