गडाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

(रत्नागिरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



रत्नदुर्गाला तीन बाजूंनी समुद्र आहे. खाली काळा कातळ, वर तट. शत्रूने यावे तरी कोठून, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. परंतु शिवकालीन दुर्गव्यवस्था केवळ दगडी तटावर विसंबून नव्हती. सभासद बखरीत गडाच्या कारभाराचे वर्णन आहे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघेही एकाच दर्जाचे असावेत आणि त्यांनी मिळून कारभार पाहावा, अशी ती योजना होती. एक जण फितला तरी गड जाऊ नये, हे त्यामागील शहाणपण.

आज समाजाचे गड संगणकात आहेत. बँकेची खातेवही, कारखान्याचे वेतनपत्रक, बंदरावरील मालाची नोंद, रुग्णालयातील केसपेपर हे सारे एखाद्या आज्ञावलीच्या स्वाधीन झाले आहे. ती थांबली की संस्था थांबते. या गडांच्या किल्ल्या कोणाच्या हाती आहेत, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुण्यापर्यंत गेले तरी पुरे.

कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ साली पुण्यात स्थापन झालेली, मध्यमवर्गीय माणसाच्या विश्वासावर वाढलेली संस्था. ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. त्या दिवशी अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून व्हिसा कार्डांचे सुमारे बारा हजार व्यवहार होऊन ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही रुपे कार्डांच्या सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी गेले. त्यांतील काही रक्कम आपल्या शेजारच्या कोल्हापुरातून निघाली. पाठोपाठ सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून खोटे आदेश जाऊन हाँगकाँगमधील एका खात्यात १३ कोटी ९२ लाख रुपये वळविण्यात आले. एकूण घाला ९४ कोटी ४२ लाखांचा.

हे घडले कसे, ते नीट समजून घेतले पाहिजे. कार्ड यंत्रात घातले की विचारणा प्रथम ‘स्विच’ नावाच्या मध्यस्थ प्रणालीकडे जाते. ती बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारते : या खात्यात पैसे आहेत काय? होकार आला की नोटा बाहेर येतात. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून या मध्यस्थाचा एक तोतया उभा केला. पेशवाईने भाऊसाहेबांचा तोतया पाहिला होता; हा संगणकातील. बनावट कार्डांच्या विचारणा या तोतयाकडे जात आणि तो मुख्य प्रणालीला न विचारताच होकार देई. त्यामुळे कोणा ठेवीदाराच्या खात्यातून रुपयाही वजा झाला नाही. गेला तो बँकेचा पैसा. मुख्य खातेवही आपल्या जागी निर्दोष होती आणि तिजोरी रिकामी होत होती!

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली अकरा जणांना शिक्षा सुनावली, परंतु ते प्रामुख्याने येथे यंत्रांसमोर उभे राहून नोटा काढणारे हात होते. डोके सीमेपलीकडेच राहिले.

बंदराचे उदाहरण याहून बोलके आहे. २७ जून २०१७ रोजी उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क या डॅनिश समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. उपद्रवाचे मूळ मुंबईत नव्हतेच. युक्रेनमध्ये हिशेब व कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातून ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम पसरला आणि जगभरच्या कार्यालयांत घुसला. त्याने वापरलेल्या एका मोठ्या फटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने तीन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती. मर्स्कला सुमारे चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक पुन्हा उभारावे लागले. ते उभारता आले, कारण सर्व वापरकर्त्यांच्या नोंदींची एक प्रत घाना देशातील कार्यालयात सुखरूप सापडली. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती! वीज जाण्याचे असे भाग्य कोकणी माणसाला अनेकदा लाभते. पण त्याच्या भरवशावर संस्था चालविता येत नाही. जाळ्यापासून पूर्णपणे तोडून ठेवलेली प्रत मुद्दाम काढावी लागते आणि ती खरोखर पुन्हा उभी राहते काय, याची अधूनमधून तालीमही करावी लागते.

येथे स्वदेशीचा प्रश्न येतो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे निमित्त होऊन मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अचानक बंद केल्या. पैसे मोजून घेतलेल्या सेवेसाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले; त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. दुसऱ्याच्या अंगणातील विहिरीवर शेती करणाऱ्याची अवस्था याहून वेगळी नसते. १९९१ साली ‘परम’ महासंगणक घडविणाऱ्या पुण्याच्या सी-डॅकचा आणि रुपे, यूपीआय या भारतीय व्यवस्थांचा अभिमान वाटतो तो याचसाठी.

मात्र स्वदेशी म्हणजे आपोआप सुरक्षित, असा समज घातक ठरेल. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या भारतीय कंपनीच्या प्रणालीवर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय देयक महामंडळाला तिचा संपर्क तोडावा लागला आणि देशातील सुमारे तीनशे लहान सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय, एटीएमचे व्यवहार खोळंबले. त्या बँकांनी स्वतः काही चूक केलेली नव्हती. त्यांचा दरवाजा दुसऱ्याच्या घरात होता, इतकेच.

रत्नागिरी जिल्हा पतसंस्था, सहकारी बँका, आंबा-काजूचे निर्यातदार आणि मासळीप्रक्रिया उद्योगांचा आहे. बहुतेकांकडे संगणक विभाग म्हणजे एक तरुण आणि फोनवर असलेला पुरवठादार. तो पुरवठादार दुरून प्रणालीत शिरतो, तेव्हा कोणत्या परवलीच्या शब्दाने शिरतो? नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाचे खाते अजून चालू आहे काय? मोठी रक्कम पाठविताना एकच व्यक्ती नोंद करते आणि तीच मंजुरीही देते काय? स्विचच्या नोंदी व मुख्य खातेवही रोज ताडून पाहिल्या जातात काय, की सलग सुट्ट्यांनंतर? पुण्याचा घाला शनिवारी झाला होता, हे येथे आठवावे.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. बदनामीच्या भयाने गप्प बसणारी संस्था शेजारच्या संस्थेलाही त्याच चोराच्या हाती देते. श्रोत्यांपैकी अनेक जण कोणत्या ना कोणत्या संस्थेच्या संचालक मंडळावर आहेत. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर वरील चार प्रश्न लेखी घ्यावेत, उत्तरे व्यवस्थापकाकडून लेखीच मागावीत आणि पुरवठादारालाही त्या दिवशी समोर बसवावे.