ढाबळीची पूर्वतयारी

पुण्याजवळचें थेरगांव पवनेच्या कांठीं वसलेलें. पावसाळ्यांत भिंतींत ओल मुरते, आणि शर्यतीच्या कबुतरांस थंडीपेक्षां ओलीचें भय अधिक. म्हणून विणीपूर्वीं ढाबळ रिकामी करावी, विष्ठा खरवडून काढावी, भिंतींस चुना द्यावा व तो पुरता वाळूं द्यावा.

परंतु खरी तयारी पक्ष्यांची. नर-मादी कांहीं आठवडे वेगळीं ठेवावीं. जुनीं पिसें झडून नवीं पूर्ण येईपर्यंत जोड लावूं नये. हौशी मंडळी नेमकी येथेंच उतावीळ होतात! मादी दोन अंडीं घालते. दुसरें पहिल्यानंतर सुमारें 44 तासांनीं. कवचाचा चुना तिच्या अंगांतूनच जातो. शिंपल्यांचा चुरा आधींपासून न मिळाल्यास अंडें पोटांत अडून तिचा जीवहि जाऊं शकतो.

उबवण 17-18 दिवसांची. दिवसा बहुधा नर बसतो, रात्रीं मादी. पिल्लांस दोघेंहि गळ्यांतील अन्नपिशवींत तयार होणारें ‘दूध’ भरवितात. सातव्या-आठव्या दिवशीं पायांत कडें चढवावें. फार उशीर झाल्यास तें पंजावरून जात नाहीं. या दिवसांत पिल्लांची उपासमार झाली तर वाढत्या पिसांवर आडवी रेघ उमटते, आणि पुढें शेंकडों मैलांच्या उड्डाणांत पीस नेमकें त्याच ठिकाणीं मोडण्याचा संभव असतो.