नॉर्थ पोल नक्की कुठला? (भागाचं लेखी रूप)

आजचा विषय आहे नॉर्थ पोल. पेणला घरी बसून हे रेकॉर्ड करतोय. आजीने विचारलं, कशावर बोलणारेस? म्हटलं, पोलवर. तर म्हणाली, "कुठला रे? परवा पावसात पडला तो?" महावितरणचा पोल! पण आजीचा प्रश्न बरोबर आहे. पोल म्हटलं की आधी विचारायला हवं, कुठला?

मला हा प्रश्न पडला तो रोह्याजवळच्या अवचितगडावर. ऑगस्टचा रविवार होता. मी आणि माझा मामेभाऊ, दोघंच. वर पोचलो आणि धुकं असं उतरलं की दहा पावलांवरचं झाड दिसेना. नेटवर्क गेलं. मॅप डाउनलोड केलेला नव्हता, म्हणजे कोऱ्या पडद्यावर नुसता निळा ठिपका. एवढंच माहीत होतं की रोहा आणि कुंडलिका नदी गडाच्या दक्षिणेला. म्हटलं, कंपास आहे ना! त्याच्या भरवशावर अर्धा तास चाललो आणि पुढे एकदम काही नाही. कडा. खालून नुसता वारा येत होता.

भावाने त्याचा फोन काढला. त्याची उत्तर एकीकडे, माझी भलतीकडेच. आता कोणाचं खरं?

इथे जरा थांबतो, कारण 'नॉर्थ पोल' या एका शब्दाचे बरेच अर्थ आहेत.

पहिला, भौगोलिक ध्रुव. पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते त्याचं उत्तरेचं टोक. तिथे जमीन नाही, समुद्रावर तरंगणारा बर्फ आहे. शाळेच्या नकाशातला ध्रुव तो हा.

दुसरा, चुंबकीय ध्रुव. कंपासची सुई याचं ऐकते. १८३१ साली जेम्स क्लार्क रॉसने तो कॅनडाच्या उत्तरेला शोधला. पण तो एका जागी राहत नाही. आता तो सायबेरियाच्या दिशेने सरकलाय आणि भौगोलिक ध्रुवापासून सुमारे ४७० किलोमीटरवर आहे. आणि गंमत म्हणजे, सुईचं उत्तर टोक ज्याच्याकडे ओढलं जातं तो भौतिकशास्त्राच्या हिशोबाने चुंबकाचा दक्षिण ध्रुव!

तिसरा, आकाशातला ध्रुव. लग्नात नवरा-नवरीला ध्रुवतारा दाखवतात, तो याच्या अगदी जवळ आहे. पेणला हा तारा क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर दिसतो, कारण पेणचा अक्षांशच तेवढा. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरा, त्याच्या किंचित खाली. आपण अढळ म्हणतो खरं, पण सुमारे २६,००० वर्षांच्या फेऱ्यात ध्रुवताऱ्याचा मानही एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जातो.

आणि हो, अलास्कात नॉर्थ पोल नावाचं एक गावही आहे. मुलं सांताला पत्रं पाठवतात ना, ती तिथे येतात. खऱ्या ध्रुवापासून ते कितीतरी लांब आहे.

मग आमच्या दोन फोनांत फरक का? मला वाटलं, एक फोन भौगोलिक उत्तर दाखवत असेल आणि दुसरा चुंबकीय. नंतर आकडे बघितले. अमेरिकेत सिअ‍ॅटलला या दोन उत्तरांमध्ये सुमारे १५ अंशांचा फरक आहे. आपल्या कोकणात तो एका अंशाच्याही आत! अँड्रॉइडमध्ये हा फरक काढायला 'जिओमॅग्नेटिकफील्ड' नावाचा तयार क्लास आहे. म्हणजे ध्रुव निर्दोष होते.

चूक माझीच होती. फोनला मॅग्नेटवालं कव्हर होतं. पृथ्वीचं चुंबकत्व फार नाजूक. बोटाएवढा मॅग्नेट सेन्सरला चिकटून बसला की सेन्सर पृथ्वीला सोडून त्याचंच ऐकतो. कव्हर काढलं, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवला आणि दोन्ही फोन एकमताने बोलायला लागले. पायवाट सापडली. घरी मामाने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "गडावर जाताना गावातला माणूस बरोबर न्यावा."

आता खरी लाज वाटायची गोष्ट सांगतो. पेणहून वडखळमार्गे अलिबागला जातो ना आपण, तिथे चुंबकीय वेधशाळा आहे. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं, १८४१ पासून. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने मोजमाप बिघडेल म्हणून १९०४ मध्ये नवी वेधशाळा अलिबागला उभी राहिली, बांधकामात लोखंड टाळून. नानाभॉय मूस तेव्हा प्रमुख होते. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आणि नवे आकडे जुळवता येतील.

खरी उत्तर कळावी म्हणून त्यांनी ट्राम यायच्या आधी शहर सोडलं, भिंतींतून लोखंड काढलं. आणि त्याच जिल्ह्यातला मी, बीटेक, सेन्सरच्या पाठीला मॅग्नेट चिकटवून कड्यावर उभा!

तर पावसाळ्यात जाणार असाल तर तीन गोष्टी. ऑफलाइन मॅप घ्या. कंपास बघताना मॅग्नेटचं कव्हर काढा, आणि बाइकच्या टाकीवर फोन ठेवून दिशा बघू नका. आणि मामाचं ऐका.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत कोणी पोल म्हटलं की विचारा, कुठला?