वाराला डाळ, बाजाराला भाजी

आठवड्याचा स्वयंपाक आधी ठरवायचा असं मनावर घेतलं, की आपण कागदावर सात वार लिहितो आणि त्यांच्यापुढे भाज्या मांडायला लागतो. सोमवारी भेंडी, मंगळवारी फ्लॉवर, बुधवारी गवार. हा कागद बाजारात पोचेपर्यंतच टिकतो. तिथे गवार नेमकी त्या दिवशी भलतीच चढलेली असते आणि शेजारच्या पाटीत कोवळे दोडके निम्म्या भावात असतात. कागदाचं ऐकावं तर पैसे जातात, दोडके घ्यावेत तर पुढचा सगळा बेत हलतो. असं दोन-तीनदा झालं की कागद कपाटात जातो, आणि संध्याकाळी सातला, कामावरून घरी आल्यावर, 'आज काय करायचं' हा प्रश्न पुन्हा समोर उभा.

म्हणून माझं सांगणं असं, की वारांपुढे भाजी लिहूच नये. वारांपुढे डाळ लिहावी, कडधान्य लिहावं. भाजीची जागा मोकळी ठेवावी. ती बाजारात गेल्यावर भरावी.

डाळ-कडधान्यांचा भाव आठवड्या-पंधरवड्यात फारसा हलत नाही आणि डब्यात ती महिनाभर सुखात राहतात. पण त्यांना वेळ द्यावा लागतो. चवळी किंवा हरभरा रात्री भिजत घालायचा राहिला, तर दुसऱ्या दिवशी हातात कितीही पैसे असले तरी उसळ होत नाही. भाजीचं बरोबर उलटं. तिचा भाव रोज बदलतो, ती दोन दिवसांत सुकते, पण आणली की चिरून लगेच फोडणीला टाकता येते. जे आधी ठरवल्याशिवाय होतच नाही, ते आधी ठरवावं. बाकीचं आयत्या वेळेवर सोडलं तरी काही बिघडत नाही.

सात वाजताच्या त्या प्रश्नाचे पैसे पडतात, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. केंद्र सरकारनं २०२३-२४ मध्ये देशभरातल्या घरखर्चाची पाहणी केली. गावांत महिन्याच्या खर्चातला सुमारे ४७ टक्के आणि शहरांत सुमारे ४० टक्के भाग खाण्यापिण्यावर जातो असं तिच्यात दिसलं. आणि खाण्यापिण्यातला सगळ्यात मोठा वाटा ना धान्याचा होता, ना डाळीचा, ना दुधाचा. तो होता पेयांचा, पाकीटबंद पदार्थांचा आणि बाहेरून आणलेल्या तयार खाण्याचा. गावातसुद्धा. घरात काही भिजलेलं नसतं, कुकर लागलेला नसतो, पोरं भुकेली असतात, तेव्हा हात पाकिटाकडे जातो. दमलेल्या माणसाला त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. आदल्या रात्री मूठभर मूग पाण्यात पडले असते तर ती वेळ आली नसती, एवढंच.

आता वार कसे लावायचे? आपल्या घरांत वारांना आधीच काहीतरी वळण असतं. कोणाचा सोमवार असतो, कोणाचा गुरुवार, शनिवारी सामिष नको असतं, बुधवार-शुक्रवार-रविवार मोकळे असतात. या वळणावरच आपला कागद बसवावा, म्हणजे तो घरात परका वाटत नाही. सोमवारी उपास सोडायला मुगाच्या डाळीची खिचडी आणि कढी. मंगळवारी मटकी. बुधवारी अंडी, कारण तो आमच्याकडे बाजाराचा दिवस आणि घरी यायला उशीर होतो. गुरुवारी सकाळी घेतलेल्या पालेभाजीत हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ. शुक्रवारी मसूर, ती भिजवली नाही तरी चालते आणि आठवड्याच्या शेवटी अंगात जोर नसतो. शनिवारी पिठलं-भाकरी. रविवारी सगळे घरी असतात तेव्हा तुरीचं वरण, नाहीतर परवडेल तसं मटण-चिकन. तुमच्या घरचे वार वेगळे असतील, तसे लावा.

या यादीत तूरडाळ एकदाच आली, हे पुष्कळ जणींना खटकेल. वरण म्हणजे तुरीचंच, अशी आपल्या जिभेची सवय आहे. पण २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली तेव्हा अनेक घरांनी तिच्यात मसूर मिसळली, मूग मिसळला, आणि मुलांनी ते वरण खाल्लं. ती सवय महागाई ओसरल्यावर सोडायचं कारण नव्हतं. नवी तूर संक्रांतीच्या आगेमागे निघते, हरभरा होळीच्या सुमाराला, मूग-उडीद पावसाळ्याच्या शेवटी. वेगवेगळ्या डाळी खाणाऱ्या घराला एकीच्या भावाचा फटका कमी बसतो.

मटकीचं जरा तपशिलानं सांगते, कारण कागदावर 'मंगळवार, मटकी' असं लिहिलं तरी काम सोमवारी सकाळीच सुरू होतं. सकाळी चहा ठेवताना पाव किलो मटकी निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात टाकायची. रात्री जेवणं झाली की चाळणीत उपसायची आणि पाणी पुरतं निथळू द्यायचं. इथे घाई केली तर तळाची मटकी चिकट होते आणि तिला वास येतो. मग ओलसर सुती फडक्यात घट्ट बांधून पुरचुंडी पातेल्यात ठेवायची, वर झाकण. उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड दिसतात. नाशिकच्या डिसेंबरात मंगळवारची संध्याकाळ व्हावी लागते, म्हणून थंडीत रविवारी रात्रीच भिजवावी. मोड आल्यावर पाव किलोची मटकी वजनाला दुपटीहून जास्त भरते. चौघांची रात्रीची उसळ होऊन सकाळच्या डब्यापुरती उरते. मोड आलेलं कडधान्य पिशवीत विकत मिळतं खरं, पण त्यातलं बरंचसं वजन पाण्याचं असतं आणि पैसे आपण कडधान्याचे मोजतो. वरून लिंबू पिळायला विसरू नका. कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबातल्या क जीवनसत्त्वाची मदत होते.

किती आणायचं, याला एक चांगला आधार आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात डाळ-कडधान्यं किंवा त्यांच्याऐवजी अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम असा हिशेब आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला याचा गुणाकार केला, तर आठवड्याला जवळजवळ २ किलो ४०० ग्रॅम डाळ-कडधान्य होतं, भाजी ११ किलो होते, आणि तेल-तूप सगळं मिळून महिन्याला साधारण साडेतीन लिटर. तुमची गेल्या महिन्याची वाण्याची यादी काढा आणि हे आकडे तिच्याशी ताडून बघा. डाळ कमी आणि तेल जास्त असं दिसलं, तर तेलाची एक पिशवी कमी करून त्या पैशांत डाळ आणा. घरखर्च एक रुपयानंही न वाढवता ताट सुधारायचा यापेक्षा सोपा मार्ग मला ठाऊक नाही. ज्या घरांना शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं, तिथे तर हातातला पैसा आधी डाळीकडे आणि भाजीकडेच वळवावा.

आता बाजार. नाशिकला गोदाघाटावर बुधवारी बाजार भरतो. दिवस मावळायला लागला की भाव उतरतात, वाटे लागतात, आणि अनेक जणी मुद्दाम त्या वेळेला जातात. जरूर जावं, पण त्या स्वस्ताईत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊ नयेत. दिवसभर उन्हात पडलेली जुडी घरी येईपर्यंत निम्मी टाकायची होते. संध्याकाळी घ्यावा लाल भोपळा, दुधी, कोबी, बटाटे. पालेभाजी सकाळची.

घरी आणल्यावर ज्या क्रमानं भाज्या सुकतात त्याच क्रमानं त्या खायच्या. आधी पालेभाज्या, पहिल्या दोन दिवसांत. मग भेंडी, गवार, वांगी, दोडका. कोबी, गाजर, दुधी त्याच्या पुढे. भोपळा आणि बटाटे अगदी शेवटी, पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी. मेथीची जुडी त्याच रात्री निवडून, न धुता, सुती फडक्यात गुंडाळून ठेवली तर दोन दिवस हिरवीगार राहते. हे निवडणं एकटीनं करायचं काम नाही. बातम्या बघत बसलेल्या माणसापुढे जुडी ठेवावी.

दोडक्याच्या शिरा टाकू नका. जरा जाडसर काढून, बारीक चिरून, थोड्या तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. त्यात तीळ, सुकं खोबरं, ठेचलेला लसूण, तिखट, मीठ. ही कोरडी चटणी भाकरीबरोबर दोन-तीन दिवस पुरते आणि ज्या दिवशी भाजी थोडी असते त्या दिवशी ताट भरल्यासारखं दिसतं.

टोमॅटोबद्दल एक शब्द. हल्ली प्रत्येक भाजीत, आमटीत, उसळीत टोमॅटो जातो. २०२३ च्या जुलैत तो किलोला शंभरीच्या पार गेला तेव्हा लोक हवालदिल झाले, आणि त्याच टोमॅटोचा भाव काही आठवड्यांनी असा कोसळला की पिकवणाऱ्याला तोडणीचा खर्च परवडेना. पावसाळ्यात हे घडतं. त्या दिवसांत आमटीला चिंच, उसळीला आमसूल, कढीला ताक आहेच. कांद्याचंही ठरावीक चक्र आहे. मार्च ते मे निघालेला उन्हाळ कांदा चाळीत साठवलेला असतो, तो पावसाळ्याअखेर संपत येतो, खरिपाचा नवा अजून पुरेसा आलेला नसतो, आणि लासलगावच्या कांदा बाजारात भाव चढतात. त्या महिन्यांत वाटणात कांदा कमी आणि दाण्याचं कूट जास्त घालावं.

उरलेल्याचा विचारही कागदात हवा. रविवारचं वरण उरलं तर सोमवारी सकाळी त्यात कणकेच्या चौकोनी वड्या सोडून वरणफळं होतात. मुलं आवडीनं खातात. पोळ्यांचा कुस्करा, भाताला फोडणी, हे सगळ्यांना येतंच. भाताची मात्र काळजी घ्या. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि सकाळी चांगला वाफ येईपर्यंत गरम करावा. फ्रीज नसेल तर भात मोजूनच टाकावा.

मोजून टाकण्याविषयी मला मनापासून एक सांगायचं आहे. पुष्कळ घरांत चौघांसाठी स्वयंपाक होतो आणि तिघंच पोटभर जेवतात. चौथी वाढणारी असते. शेवटी पातेल्यात रस्सा असतो, दाणे संपलेले असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं २०१९ ते २०२१ च्या फेरीत आढळलं. आठवड्याचा बेत करताना माणसं मोजाल तेव्हा त्यांत तिला मोजा, आणि मटकी तिच्या वाटणीसकट भिजत घाला. वाढताना तिची वाटी आधी भरून बाजूला ठेवा. हे तिनं स्वतः करायची वाट बघू नका. ती करणार नाही.

आणि हा कागद सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा. सरकारच्याच २०२४ च्या पाहणीप्रमाणे आपल्या घरचं काम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. या मिनिटांत 'उद्या काय' हा डोक्यात चालणारा विचार धरलेलाही नसेल. बेत एकीच्या डोक्यात असतो तोवर बाकीच्यांना कामाला हात लावायचा म्हटला तरी विचारावं लागतं. भिंतीवर 'उद्या चवळी' असं लिहिलेलं असलं की आठवीतला मुलगासुद्धा रात्री चवळी भिजत घालू शकतो. तेवढं काम त्याच्या नावावर लिहूनच ठेवा.

शेवटी, एक जेवण कोणत्याही वाराला न लावता राखून ठेवावं. पाहुणे येतात, गॅस संपतो, कोणी आजारी पडतं, भिजवायचं राहतं. त्यासाठी आमच्या भागात दाण्याचं झिरकं करतात. वाटीभर शेंगदाणे खमंग भाजायचे, लसूण, जिरं आणि तिखटाबरोबर वाटायचे, मोहरीच्या फोडणीवर ते वाटण जरा परतून गरम पाणी घालायचं आणि तेल वर दिसेपर्यंत उकळू द्यायचं. भाकऱ्या थापून होतात तोवर ते तयार होतं. भाजी नको, भिजवणं नको. ज्या आठवड्यात त्याची गरज पडली नाही, त्या आठवड्यात शनिवारी पिठल्याऐवजी तेच करा, म्हणजे डब्यातले दाणे खवट व्हायच्या आत संपतात.