इंग्रजांचे उतरत्या हिवाळ्यांतील सण



इंग्रजी शिकूं इच्छिणाऱ्यांसाठीं आज मला बोलावयाचें आहे, आणि आरंभ स्वतःच्या चुकीपासून करावा हें बरें. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत इंग्रजी शिकवीत असतां धड्यांत एक वाक्य आलें. कोणा एका बाईनें ‘लेंट’साठीं साखर सोडली, अशा अर्थाचें तें वाक्य होतें. ‘लेंड’ म्हणजे उसनें देणें, ‘लेंट’ हा त्याचा भूतकाळ, एवढें व्याकरण मला पाठ होतें. मीं वर्गाला बेधडक सांगितलें कीं, त्या बाईनें आपली साखर शेजारणीला उसनी देऊन टाकली. शब्दाचें पहिलें अक्षर मोठ्या लिपींत छापलेलें होतें, म्हणजे तें विशेषनाम असलें पाहिजे, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं. आणि साऱ्या वर्गानें माझा अर्थ वहींत उतरून घेतला.

त्या वर्गांतील एक मुलगी पुढें परिचारिका होऊन इंग्लंडांत डर्बीशर परगण्यांत गेली. तिकडच्या पहिल्याच हिवाळ्याच्या अखेरीस तिच्या एका सोबतिणीनें चहांत साखर नको म्हणून सांगितलें, आणि कारण दिलें ‘लेंट’. बिचारीनें वहींतला अर्थ स्मरून दुसऱ्या दिवशीं साखरेचा पुडा नेला व ‘तुझी साखर परत येईपर्यंत ही घे’ म्हणून तिच्या हातीं ठेवला. पुढें काय झालें असेल तें सांगावयास नको. हें सारें तिनें मला पत्रानें कळविलें. पत्रांत रागाचा एक शब्द नव्हता. त्यामुळें माझी मान अधिकच खालीं गेली.

मीं कोश उघडला असता तर ‘ईस्टरपूर्वींचा चाळीस दिवसांचा उपवासकाल’ एवढा अर्थ मला मिळाला असता, आणि तो बरोबरही असता. पण त्या शब्दाच्या पोटांत एक संपूर्ण ऋतु आहे. जुन्या इंग्रजींत ‘लेंक्टेन’ म्हणजे वसंत. लांब या अर्थाच्या ‘लाँग’ शब्दाशीं त्याचें नातें आहे. दिवस लांबूं लागण्याचा काळ, तो लेंट. लंडनला डिसेंबरच्या अखेरीस उजेड जेमतेम आठ तास असतो. फेब्रुवारी संपतां संपतां तो पावणेअकरा तासांवर जातो. आपल्याकडे दिवस लहानमोठा झालेला गृहिणीला उन्हाच्या तिरिपेवरून कळतो. तिकडे तो जणूं अंगावर येतो. त्याच सुमारास पूर्वीं घरोघर खारवून ठेवलेलें मांस संपत येई आणि नवें धान्यफळ तर अजून दूर असे. धर्मानें सांगितलेला उपवास आणि रिकामी होत चाललेली कोठी यांची गांठ अशी पडे. धर्माला कमीपणा आणण्यासाठीं मी हें म्हणत नाहीं. आपल्या चातुर्मासाचेंही पावसाशीं असेंच कांहीं नातें आहे.

हा उपवास बुधवारीं सुरू होतो. कपाळाला राख लावतात म्हणून तो ‘ॲश वेन्सडे’. त्याच्या आदला दिवस म्हणजे ‘श्रोव्ह ट्यूझडे’. ‘श्राइव्ह’ म्हणजे पाप कबूल करवून क्षमा देणें, त्या क्रियापदावरून हा ‘श्रोव्ह’. सकाळीं देवळाची घंटा लोकांना पापनिवेदनासाठीं बोलावी. उपवासांत मांसाप्रमाणें अंडीं, दूध, लोणी हींही वर्ज्य असत. तीं घरांत उरूं नयेत म्हणून त्यांची पातळ धिरडीं करून संपवावयाचीं. हाच पॅनकेक! आपल्या धिरड्याचें हें सख्खें भावंड लिंबू पिळून व साखर भुरभुरून खातात. पुढें घंटेचा मूळ हेतु मागें पडला आणि लोक तिलाच ‘पॅनकेकची घंटा’ म्हणूं लागले. श्रावण लागण्यापूर्वींच्या अवसेला आपल्याकडील कांहीं घरांत काय शिजतें हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मंगळवारचें मर्म सांगण्याची गरज नाहीं.

बकिंगमशर परगण्यांत ओल्नी नांवाचें गांव आहे. इ. स. १४४५ मध्यें तेथील एक गृहिणी धिरडीं करण्यांत गुंतली असतां घंटा झाली आणि ती हातांतल्या तव्यासकट देवळाकडे धांवत सुटली, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ तेथील स्त्रिया डोक्याला रुमाल व कमरेला एप्रन बांधून, हातांत तवा घेऊन ४१५ यार्ड धांवतात. १९५० पासून अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांतल्या लिबरल या गांवाशीं त्यांची चुरस चालते. दोन्ही गांवच्या शर्यती एकाच दिवशीं होतात आणि कोणाचा वेळ कमी भरला तें ताडून पाहतात.

माझ्या विद्यार्थिनीच्या परगण्यांत मात्र याहून दांडगा प्रकार आहे. ॲशबर्न गांवीं मंगळवार व बुधवार असे दोन दिवस चेंडू साऱ्या गांवभर खेळला जातो. हेनमोर ओढ्याच्या एका तीरावर जन्मलेले एका पक्षाचे, दुसऱ्या तीरावरचे दुसऱ्या पक्षाचे. दोन गोलांमधील अंतर सुमारें तीन मैल, आणि खेळणारे शेंकडोंनीं. चेंडू ओढ्यांत गेला कीं माणसेंही फेब्रुवारीच्या त्या पाण्यांत उतरतात, आणि दुकानदार अगोदरच दारांखिडक्यांना फळ्या ठोकून ठेवतात. शिमग्याच्या दिवसांत आपल्याकडे दुकानें बंद होतात तीं आठवावीं.

हा मंगळवार दरवर्षीं फिरतो, कारण ईस्टर चंद्रावर ठरतो. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. त्यापूर्वीं ४७ दिवस श्रोव्ह ट्यूझडे. २०२४ सालीं आपली होळी २४ मार्चला पेटली आणि पुढच्याच रविवारीं, ३१ तारखेस, ईस्टर आला. पौर्णिमा दोघांची एकच! आणि हेच दिवस आपल्या दाराशींही आहेत: गोमंतकांतला ‘इंत्रुज’ तो हाच. लेंटचा ‘प्रवेश’ या अर्थाच्या पोर्तुगीज ‘इंत्रुदु’ शब्दावरून तें नांव पडलें.

दोन दिवस मात्र न हलणारे आहेत. नाताळापासून चाळिसावा, २ फेब्रुवारी, हा ‘कँडलमस’. त्या दिवशीं वर्षभराच्या मेणबत्त्या मंत्रवून घेतात. तो दिवस निरभ्र गेला तर थंडी लांबणार, असा जुना समज. जर्मन लोक त्या दिवशीं बिळांतल्या बॅजरची सावली पाहत. पेन्सिल्व्हेनियांत स्थायिक झाल्यावर त्यांनीं तो मान तिकडच्या ग्राउंडहॉगला दिला. पंक्सटॉनी गांवीं १८८७ पासून हा समारंभ चालतो. १९९३ सालच्या चित्रपटांत नायकाला तोच दिवस पुनःपुन्हा भोगावा लागतो. तेव्हांपासून ‘ग्राउंडहॉग डे’ म्हणजे रोजचें तेंच तें रहाटगाडगें, असा नवाच अर्थ रूढ झाला. तो जुन्या कोशांत सांपडावयाचा नाहीं.

दुसरा दिवस १४ फेब्रुवारी. व्हॅलेंटाइनविषयीं आपल्या शहरांत आतां कोणाला कांहीं शिकवावें लागत नाहीं. पण तो केवळ दुकानदारांनीं काढला हें खरें नव्हे. चौदाव्या शतकांत चॉसरनें आपल्या काव्यांत त्या दिवशीं पक्ष्यांना जोडीदार निवडण्यासाठीं सभेला बोलाविलें आहे. पुढें असा संकेत पडला कीं, सकाळीं जो प्रथम दिसेल तो आपला व्हॅलेंटाइन. १६६२ मध्यें सॅम्युएल पेप्सच्या घरीं कारागीर चुलाण्यावर सोनेरी मुलामा देत होते. त्यांच्यापैकीं कोणी दृष्टीस पडूं नये म्हणून त्याची बायको सकाळभर डोळ्यांवर हात धरून होती, अशी नोंद त्यानें रोजनिशींत मोठ्या गमतीनें केली आहे. १८४० मध्यें टपाल एका पेनींत जाऊं लागलें, तेव्हां चिठ्ठ्यांचा पूर लोटला.

माझी विद्यार्थिनी अद्याप डर्बीशरांतच आहे. साखर सोडणारी ती सोबतीण आतां तिला दर मंगळवारीं, अर्थात् वर्षांतून एकाच मंगळवारीं, पॅनकेक खावयास घरीं बोलावते. गेल्या खेपेस तेथें आपल्या गटारीच्या अवसेची हकीकत तिनें मोठ्या रंगांत येऊन सांगितली. तेव्हां सर्वांनीं त्या नांवाचा अर्थ विचारला. ‘गटारी’ला इंग्रजींत काय म्हणावें, असें तिनें मला पत्रानें विचारलें आहे. मीं अजून उत्तर लिहिलेलें नाहीं. या खेपेस घाई करावयाची नाहीं, असें मीं ठरविलें आहे.