हवाईचा परका केवडा

हवाई बेटांचें नांव निघालें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें अननसाचा डबा उभा राहतो. परंतु तेथील मूळ लोकांच्या भाषेंत या फळाला ‘हालाकाहिकी’ म्हणतात. हाला हें आपल्या कोंकणांतील केवड्याच्या कुळांतलें झाड. त्याचें फळ दिसावयास थेट अननसासारखें. काहिकी म्हणजे दूरचा परदेश. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो आपला नव्हे, हें त्या लोकांनीं नांवांतच नोंदून ठेविलें. (आपल्याकडे तर फळ आणि त्याचें नांव दोन्ही पोर्तुगीजांनीं आणिलीं, आणि आपण तें विसरूनही गेलों!)

फळ परकें असण्यांत वाईट कांहींच नाहीं. प्रश्न जमिनीचा आहे. १८५० च्या कायद्यानें परकीयांस तेथें जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली आणि पाहतां पाहतां उसाचे मळे गोऱ्या भांडवलवाल्यांच्या हातीं एकवटले. १७ जानेवारी १८९३ रोजीं मळेवाले, व्यापारी व वकील यांच्या कंपूनें राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलें. अमेरिकन युद्धनौकेवरून उतरलेले सशस्त्र सैनिक राजवाड्याजवळ उभे होते. पुढें जें प्रजासत्ताक निघालें त्याचे अध्यक्ष सॅन्फर्ड डोल. १८९७ मध्यें एकवीस हजारांवर लोकांनीं अमेरिकेंतील विलीनीकरणाविरुद्ध अर्जावर सह्या केल्या. १८९८ मध्यें विलीनीकरण झालेंच.

डोल हें नांव ध्यानांत असूं द्यावें. १८९९ मध्यें याच अध्यक्षांचा एक आप्त, बावीस वर्षांचा जेम्स डोल, होनोलुलूस उतरला आणि १९०१ मध्यें त्यानें अननसाची कंपनी काढली. बेटें अमेरिकेचीं झाल्यामुळें तिकडील बाजारांत त्याच्या डब्यांस जकातीची आडकाठी उरली नव्हती. तरुण उद्योगी होता यांत शंका नाहीं. परंतु त्याची वाट दुसऱ्यांनीं आधींच मोकळी करून ठेविली होती. १९२२ मध्यें त्याच्या कंपनीनें लनाई हें जवळजवळ सबंध बेटच अकरा लक्ष डॉलरांस विकत घेतलें. मळ्यांत राबले ते मुख्यतः जपानी व फिलिपिनो मजूर. १९५१ मध्यें लनाईच्या मजुरांनीं सुमारें सात महिने संप करून मजुरी वाढवून घेतली.

पुढें स्वस्त मजुरीच्या शोधांत हा धंदा फिलिपाईन्स व थायलंडकडे वळला, आणि १९९२ मध्यें लनाईवर अननसाची शेवटची काढणी झाली. १९९३ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें राणीचें राज्य बुडविल्याबद्दल मूळ हवाईवासीयांची जाहीर क्षमा मागितली. सुमारें अठरा लक्ष एकर जमीन त्यांच्या संमतीवांचून व मोबदल्यावांचून अमेरिकेकडे गेली, ही कबुलीही त्या ठरावांत आहे. ती परत देण्याची तरतूद मात्र त्यांत नाहीं.