सूत्र पाठ, पण गणित अडते



दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवलेली मुलगी अकरावीच्या पहिल्याच चाचणीत भौतिकशास्त्रात मागे पडते. घरी येऊन रडवेल्या आवाजात सांगते, "अब्बा, सगळी सूत्रे पाठ होती, पण गणित सुटले नाही." मग घरात ठरते की हिला विज्ञान झेपत नाही, शाखा बदलावी. माझी आपणांस विनंती आहे, हा निर्णय घेण्यापूर्वी एवढेच पाहा की गणित सोडवावे कसे, हे तिला कोणी शिकवले आहे काय?

अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेडरिक राइफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा विचार केला. नवशिक्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राबरोबरच ते शिकण्याची व गणिते सोडवण्याची रीतही शिकवता येते, असे त्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले. म्हणजे हे कसब जन्मजात देणगी नव्हे.

ही रीत चार पायऱ्यांची आहे. प्रथम, प्रसंगाची आकृती काढून काय दिले आहे व काय काढायचे आहे ते मांडावे. दुसरे, कोणता नियम का लागू पडतो ते ठरवावे. तिसरे, आकडेमोड करावी. चौथे, उत्तर तपासावे.

एक साधे गणित घेऊ. एस.टी.ची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात आहे. ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो. ती किती अंतरावर थांबेल? घाई करणारा विद्यार्थी ५४ ला ३ ने भागतो, १८ सेकंद काढतो, सरासरी वेग २७ धरतो आणि ४८६ मीटर उत्तर लिहून मोकळा होतो. ब्रेक लावल्यावर एस.टी. जवळजवळ अर्धा किलोमीटर जाईल काय? हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, तर चूक तिथेच सापडेल. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. वेग एकसारखा कमी होतो, म्हणून गाडी ५ सेकंदांत थांबेल. सरासरी वेग साडेसात मीटर, तेव्हा अंतर साडेसदतीस मीटर.

विद्यार्थी मित्रहो, सूत्र पाठ करणे म्हणजे सूत्र समजणे नव्हे. त्यातील प्रत्येक अक्षराचा अर्थ, त्याचे एकक, आणि ते सूत्र कोठे चालते व कोठे चालत नाही, हे आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे. वरील रीत वेग एकसारखा कमी होत असेल तरच चालते, हे विसरू नका. दहा गणिते उतरवून घेण्यापेक्षा दोन स्वतः सोडवा.

आणि पालकहो, आपण शाळेची पायरी चढला नसलात तरी मदत करू शकता. "किती मार्क पडले?" एवढेच विचारून थांबू नका. "बेटा, हे कसे काढलेस, मला समजावून सांग," असे म्हणा. सांगता सांगता ती जिथे अडखळेल, तिथेच तिचा खरा अभ्यास सुरू होईल.

एका चाचणीच्या गुणांवरून मुलांची वाट बंद करू नका, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.